पंचांग वाचता येत असेल, तर मध्ययुगीन युरोपची दिनदर्शिकाही वाचता येते

आमच्या आजीचं पंचांग देवघरात नसायचं, स्वयंपाकघरात असायचं. एकादशी कधी, चतुर्थीला चंद्रोदय किती वाजता, करिदिन कुठला, यावर तिचा आठवडा ठरायचा. साबुदाणा कधी भिजवायचा, सुनेला माहेरी कधी धाडायचं, सारवण कधी काढायचं, सगळं त्यातून. मला पंचांग वाचायला तिनेच शिकवलं. पुढे मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण तिथी-नक्षत्राचे रकाने बोटाने खाली उतरत वाचायची ती सवय सुटली नाही.

निवृत्तीनंतर मुलाकडे इंग्लंडला गेले, तेव्हा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत काचेखाली एक उघडं हस्तलिखित पाहिलं. तळहाताएवढं, कातड्याच्या पानांचं. डावीकडे आकड्यांचे बारीक रकाने, मग एकसारखी फिरून फिरून येणारी सात अक्षरं, मग नावं, काही काळ्या शाईत तर काही लाल. खाली गोलात एक मेंढा. मी तिथेच थबकले. हे पंचांग आहे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून अशी पानं वाचायचा मला नाद लागला आहे. मध्ययुगीन युरोपातली माणसं कशी जगत होती, काय खात होती, कधी उपास करत होती, जमिनीचा खंड कधी भरत होती, हे कळायला राजांच्या सनावळ्यांपेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडतं. ते कसं वाचायचं ते सांगते. लॅटिन येण्याची गरज नाही. भागाकार आला पाहिजे.

पान कुठे मिळेल

तेराव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत युरोपात ऐपतदार घरांमध्ये ‘बुक ऑफ अवर्स’ नावाची प्रार्थनेची पुस्तकं असत. दिवसाच्या ठरावीक प्रहरांना म्हणायच्या प्रार्थना त्यात असत. ती पाद्र्यांसाठी नव्हे, संसारी माणसांसाठी होती, आणि पुष्कळदा बाईच्या नावाने करून घेतलेली. त्या काळातली हस्तलिखितं जी काही टिकली, त्यात या पुस्तकांची संख्या फार मोठी आहे. जवळजवळ प्रत्येकात सुरुवातीलाच बारा महिन्यांची दिनदर्शिका असते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका, ऑक्सफर्डची बोडलियन, अमेरिकेत बाल्टिमोरचं वॉल्टर्स संग्रहालय, यांच्या संकेतस्थळांवर ती पानं फुकट आणि मोठी करून बघता येतात. मार्च महिन्याचं पान शोधा. शक्य असेल तर छापून घ्या, म्हणजे पेन्सिलीने खुणा करता येतात.

आधी रकाने ओळखा

पानाच्या माथ्यावर के आणि एल ही दोन अक्षरं असतात, बहुधा सोनेरी किंवा निळी, बाकीच्या मजकुरापेक्षा कितीतरी मोठी. ती ‘कालेंडे’ची खूण, म्हणजे महिन्याची पहिली तारीख. कॅलेंडर हा शब्द तिथूनच आला. शेजारी पुष्कळदा एक ओळ असते: महिन्याचे दिवस इतके, चंद्राचे इतके. मार्चला दिवस ३१, चंद्राचे ३०. सौरमास आणि चांद्रमास एकाच ओळीत शेजारी लिहिलेले बघितले, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

त्याखाली साधारण चार रकाने. डावीकडून पहिल्यात अधूनमधून रोमन आकडे, एक ते एकोणीस. मधल्या काही ओळी रिकाम्या. याला सुवर्णांक म्हणतात, आणि पानातली खरी मौज त्यातच आहे. त्याच्याकडे मागाहून येऊ.

दुसऱ्या रकान्यात ए, बी, सी, डी, ई, एफ, जी ही अक्षरं. १ जानेवारीला ए, मग सात दिवसांनी पुन्हा ए, असं वर्षअखेरपर्यंत. हे वार आहेत, पण कुठल्या एका वर्षाचे नाहीत. दिनदर्शिका कायमची असल्यामुळे दर वर्षी रविवार वेगळ्या अक्षरावर येतो. वर्षाचं रविवारचं अक्षर एकदा काढलं की त्या वर्षाचे सगळे वार हाती आले.

तिसरा रकाना रोमन पद्धतीच्या तारखांचा. इथे मी पहिले काही दिवस अडले. रोमन लोक तारीख पुढे मोजत नाहीत, येणाऱ्या टप्प्यापासून मागे मोजतात. महिन्यात तीन टप्पे: पहिली तारीख कालेंडे, पाचवी नोने, तेरावी इडे. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरात नोने सातवीला आणि इडे पंधरावीला. इडे उलटली की पुढचे सगळे दिवस पुढच्या महिन्याच्या कालेंडेच्या हिशेबात जातात. म्हणून २५ मार्चसमोर ‘एप्रिलच्या कालेंडेआधी आठ’ असं लिहिलेलं दिसेल. मी मोजलं की सात यायचे. शेवटी लक्षात आलं, ते दोन्ही टोकं धरून मोजतात: २५ मार्चही धरायचा आणि १ एप्रिलही. आपण बाळाची बारावी जन्मदिवस धरून मोजतो, तसंच.

लीप वर्षाचीही गंमत याच रकान्यात आहे. ते लोक २९ फेब्रुवारी लिहीत नसत. २४ फेब्रुवारी, म्हणजे ‘मार्चच्या कालेंडेआधी सहा’, हाच दिवस दोनदा धरत. आपल्याकडे वृद्धी तिथी येते आणि लागोपाठ दोन दिवस एकच तिथी राहते, ती कल्पना ज्याला आहे त्याला हे पुन्हा समजावावं लागत नाही.

चौथ्या रकान्यात संतांची नावं आणि सण. शब्द तोडून लिहिलेले असतात. अक्षरांवर आडवी रेघ दिसली की मधली अक्षरं गाळलेली आहेत असं समजायचं. कातडं महाग होतं, जागा वाचवावी लागे.

लाल शाई

साधा संत काळ्या शाईत, मोठा सण लाल शाईत. श्रीमंती पुस्तकात सोनं आणि निळा रंगही येतो. लाल दिवशी शेतकाम बंद, चर्चला जायचं, आणि पुष्कळ सणांच्या आदल्या दिवशी उपास. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार आणि सण लाल असतात, तो रिवाज या पानांचा वारस आहे.

आता वर्षभराची लाल नावं वेगळ्या कागदावर उतरवून काढा. गावगाडा कसा चालत होता ते डोळ्यांपुढे येतं. इंग्लंडपुरतं सांगते. २५ मार्च, मेरीला देवदूताने निरोप दिला तो दिवस; २४ जून, सेंट जॉनचा; २९ सप्टेंबर, सेंट मायकेलचा; आणि २५ डिसेंबर. या चार दिवशी खंड आणि भाडी चुकती करायची. जमीनदाराच्या वाड्याचा जमाखर्च सेंट मायकेलच्या दिवशी बंद व्हायचा आणि त्याच दिवशी नवा सुरू व्हायचा, कारण तोवर पीक घरात आलेलं असे. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिन. हिवाळाभर सगळ्या जनावरांना पुरेल इतका चारा नसे, म्हणून त्या सुमाराला जनावरं कापून मांस खारवून ठेवत. फ्रान्समध्ये आणि जर्मन मुलखातही गडीमाणसांचे करार आणि खंडाचे वायदे मार्टिनच्या दिवसाशी बांधलेले असत. धर्म एका बाजूला आणि हिशेब दुसऱ्या बाजूला, असं त्या पानावर नाहीच. एकाच ओळीत दोन्ही.

२४ जूनच्या सेंट जॉनचा धागा आपल्या दारापर्यंत आला आहे. गोव्यात त्याच दिवशी सांजांव असतो. डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून तरुण विहिरीत उड्या मारतात. युरोपात तो ऐन उन्हाळ्यातला होळ्या पेटवायचा दिवस, गोव्यात तो पावसात येतो. आपला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला, आणि डिसेंबरच्या पानावर २५ तारखेला ‘नातिवितास’ म्हणून जे लाल अक्षरांत दिसतं, त्याच्याच कुळातला.

चंद्र शोधा

आता सुवर्णांक. आपल्या पंचांगाचा आणि या पानाचा पाया एकच आहे: १९ सौरवर्षांत चंद्राचे २३५ महिने बसतात. बारा गुणिले एकोणीस म्हणजे २२८, उरले ७. म्हणून आपल्याकडे एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. युरोपीय पाद्र्यांनी त्याच एकोणीस वर्षांना एक ते एकोणीस क्रमांक दिले. ज्या तारखेसमोर जो आकडा लिहिला आहे, त्या क्रमांकाच्या वर्षी त्या तारखेला चंद्राचा महिना सुरू होतो, म्हणजे शुद्ध पक्ष लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? ईस्टरसाठी. नाताळ सूर्याचा, त्याची तारीख पक्की. ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, मात्र चंद्रावर चालतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेने सगळ्यांनी तो एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं, पण तो रविवार काढायच्या रीती पुढेही वेगवेगळ्या राहिल्या. बीडा नावाच्या इंग्लंडमधल्या मठवासीने ७३१ साली संपवलेल्या इतिहासात एक प्रसंग लिहून ठेवला आहे. उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विउ आयर्लंडकडची रीत पाळायचा, राणी इआनफ्लेड रोमची. राजाचा ईस्टर होऊन तो पंगतीला बसलेला आणि त्याच घरात राणीचा अजून उपास चालू, असं व्हायचं. अखेर ६६४ साली व्हिटबीच्या मठात सभा भरली आणि राजाने रोमचा हिशेब मान्य केला. आमच्या शेजारच्या घरात स्मार्त एकादशी आणि आमच्यात भागवत, तेव्हा एका दिवसाच्या फरकाने दोन्ही घरांत खिचडी शिजायची. त्या राणीची अडचण मला वाचताक्षणी कळली.

हिशेब असा करायचा. वर्ष घेऊ १४१५.

सुवर्णांक: वर्षाला १९ ने भागा, बाकीत १ मिळवा. १४१५ भागिले १९, भाग ७४, बाकी ९. एक मिळवला, १०.

रविवारचं अक्षर: वर्षाला ४ ने भागून येणारा पूर्ण भाग वर्षातच मिळवा. ३५३ आले, बेरीज १७६८. तिला ७ ने भागा, बाकी ४. बाकी ० आली तर सी, १ ला बी, २ ला ए, ३ ला जी, ४ ला एफ, ५ ला ई, ६ ला डी. म्हणजे १४१५ चं अक्षर एफ. (लीप वर्षात हे अक्षर फेब्रुवारीच्या जादा दिवसानंतर लागू होतं. त्याआधी क्रमातलं पुढचं.)

आता मार्चच्या पानावर या. ८ मार्च ते ५ एप्रिल या ओळींत रोमन दहाचा आकडा कुठे आहे ते शोधा. १४ मार्चसमोर आहे. त्या ओळीवर बोट ठेवा, तिला एक म्हणा, आणि चौदा ओळी उतरा. २७ मार्च. ही त्यांची पौर्णिमा. तिच्यासमोर अक्षर बी. आता पुढचा एफ येईपर्यंत खाली उतरा: २८ ला सी, २९ ला डी, ३० ला ई, ३१ ला एफ. १४१५ चा ईस्टर ३१ मार्चला. पौर्णिमाच रविवारी आली असती तर पुढचा रविवार धरायचा असतो, हे विसरू नका.

ताळा करून बघा. इंग्लंड आणि फ्रान्समधली आझँकूरची लढाई २५ ऑक्टोबर १४१५ ला झाली, सेंट क्रिस्पिनच्या दिवशी, आणि तो शुक्रवार होता हे इतिहासात नोंदलेलं आहे. ऑक्टोबरच्या पानावर २५ तारखेसमोर डी असतो. रविवार एफ, म्हणून शनिवार ई, शुक्रवार डी. जुळलं. मी हा ताळा प्रथम केला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मुलाला उठवून दाखवावंसं वाटलं होतं.

त्या तारखेला माणसं जोडा

ईस्टर सापडला की अर्धं वर्ष जागेवर बसतं. त्याच्या ४६ दिवस मागे राखेचा बुधवार, १४१५ साली १३ फेब्रुवारी. तिथून लेंट, मोठा उपास. मधले सहा रविवार वगळून चाळीस दिवस. मांस नाही, आणि बऱ्याच ठिकाणी दूध, लोणी, अंडीही नाहीत. किनाऱ्यापासून दूरच्या गावात मग खारवलेला हेरिंग आणि नॉर्वेकडून आलेला वाळवलेला कॉड मासा, वाटाणे, भाजीपाला. ज्यांना लोण्यावाचून राहवत नसे त्यांना पैसे भरून सवलत मिळे. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथीड्रलचा एक मनोरा तशाच पैशांतून उभा राहिला आणि त्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. लेंटमध्ये लग्नं लागत नसत, नाताळापूर्वीच्या ॲडव्हेंटमध्येही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा सगळा बेत ओळखीचा आहे. ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, ४९ दिवसांनी पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, आणि १२६४ पासून ६० दिवसांनी कॉर्पस क्रिस्टी, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा सण, ज्या दिवशी गावोगाव मिरवणुका निघायच्या.

पानावर चित्रं असतील तर त्यांनाही वेळ द्या. बहुतेक पुस्तकांत बारा महिन्यांची बारा कामं रंगवलेली असतात. फेब्रुवारीत शेकोटीपाशी पाय शेकत बसलेला माणूस, मार्चमध्ये द्राक्षवेलींची छाटणी, जूनमध्ये गवत कापणं, मग गव्हाची कापणी आणि मळणी, सप्टेंबरात द्राक्षं तुडवणं, नोव्हेंबरात ओकच्या झाडाची फळं झोडपून डुकरांना चारणं, डिसेंबरात तेच डुक्कर कापणं. शेजारी त्या महिन्याची रास. मी पहिल्यांदा पाहिलेला तो मेंढा म्हणजे मेष रास. बाबिलोनमध्ये जन्मलेल्या या राशी ग्रीकांकडून त्यांच्याकडेही गेल्या आणि आपल्याकडेही आल्या. काही पानांवर काही तारखांना ‘इजिप्शियन दिवस’ अशी खूण दिसेल. वर्षात असे चोवीस अशुभ दिवस, महिन्याला दोन. त्या दिवशी शीर तोडून रक्त काढायचं नाही, नवं काम काढायचं नाही. त्यांचे करिदिन.

ज्यांना वाचता येत नव्हतं ते काय करत? चर्चची घंटा आणि रविवारी पाद्र्याची सूचना यावर त्यांचं भागे. स्कँडिनेव्हियात लाकडी पट्ट्यांवर कोरलेली दिनदर्शिका असे. नॉर्वेत तिच्या एका बाजूला उन्हाळा, दुसऱ्या बाजूला हिवाळा. १४ ऑक्टोबरला हातमोजा कोरलेला, १४ एप्रिलला झाड. त्या दिवशी पट्टी उलटून टांगायची.

दोन सावधगिऱ्या

पानावरचा चंद्र आणि आकाशातला चंद्र एक नव्हेत. ज्युलियन वर्ष, म्हणजे ज्युलियस सीझरच्या दिनदर्शिकेतलं, या पानांवर चालणारं वर्ष, खऱ्या सौरवर्षापेक्षा थोडं लांब होतं, दर १२८ वर्षांना सुमारे एक दिवस. पंधराव्या शतकात दिवस-रात्र समान होण्याचा खरा दिवस १२ मार्चच्या आसपास येत होता, पान मात्र २१ मार्चच धरून होतं. चंद्रही तीनएक दिवसांनी चुकलेला. उत्तरायण डिसेंबरात लागतं आणि आपण संक्रांत जानेवारीत करतो, तसलाच हा प्रकार. रोमने १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजून तो दुरुस्त केला. म्हणून वर दिलेलं अक्षराचं सूत्र त्यापुढच्या तारखांना लावू नका.

दुसरी, साल कधी बदलतं ते बघा. गुढीपाडव्याला साल बदलणारे आपण आणि दिवाळीत बदलणारे गुजराती एकाच देशात राहतो. मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये साल २५ मार्चला बदलत असे, फ्रान्सच्या राजदरबारात ईस्टरला. इंग्लंडच्या कागदावर १० फेब्रुवारी १४१४ असेल, तर आपल्या हिशेबाने ते १४१५. हा एक वर्षाचा फरक अनेकांना नडतो.

पुस्तक कुठलं, कुणाचं

कुलदैवत सांगितलं की घराणं कुठल्या भागातलं ते जाणती माणसं ओळखतात. इथेही लाल नावांवरून गाव लागतं. ३ जानेवारीची जेनेव्हिएव्ह आणि ९ ऑक्टोबरचा डेनिस ठळक असले तर पॅरिस; २३ ऑक्टोबरचा रोमाँ असला तर रूआँ; १४ ऑक्टोबरचा डोनेशियन असला तर ब्रूज.

इंग्लंडचं पुस्तक असेल तर डिसेंबरचं पान मोठं करून २९ तारखेला थांबा. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट ११७० साली त्या दिवशी त्याच्याच कॅथीड्रलमध्ये मारला गेला आणि ११७३ मध्ये संत ठरला. १५३८ साली हेन्री आठव्याने त्याचं नाव सगळ्या पुस्तकांतून काढायचा हुकूम सोडला. बऱ्याच पानांवर तिथे चाकूने खरवडलेलं दिसतं. कातड्याची लव उठलेली, आणि खाली लाल शाईची पुसट छटा. काहींनी फक्त एक बारीक रेघ मारली आहे, नाव नीट वाचता येईल अशी. हुकूम तर पाळला, पण नाव पुसलं नाही. तसली रेघ दिसली की मी त्या ओळीवर बराच वेळ थांबते.

समासही तपासा. आपण कालनिर्णयवर दुधाचा हिशेब आणि जन्मवेळा लिहितो, तसं त्यांनी मुलांचे जन्म आणि आईबापांच्या मृत्यूचे दिवस या पानांवर लिहिले. हेन्री सातव्याची आई मार्गरेट बोफर्ट हिच्या प्रार्थनापुस्तकाच्या दिनदर्शिकेत घराण्यातल्या अशा नोंदी आहेत. वेगळी शाई, वेगळं वळण, ओळीबाहेर गेलेला मजकूर दिसला की तो घरातल्या माणसाचा हात.

सरावासाठी एक उदाहरण देते, उत्तरासकट. वर्ष १३४८, लीप वर्ष. सुवर्णांक १९, अक्षर ई. एप्रिलच्या पानावर एकोणीसचा आकडा ४ तारखेसमोर, पौर्णिमा १७ ला, ईस्टर २० एप्रिलला. त्याच उन्हाळ्यात, सेंट जॉनच्या सणाच्या सुमाराला, प्लेग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागला. २४ जून १३४८ हा वार कुठला होता, ते अक्षरांच्या रकान्यावर बोट ठेवून काढा. मला मंगळवार आला.